दोन ओळींचा अर्ज

शिरवली संस्थानात पत्रलेखकाची जागा निघाली. विसाजीने अर्ज धाडला, तोही दोनच ओळींचा: ‘कचेरीची पत्रं रयतेला कळत नाहीत. मी लिहीन ती कळतील.’

आठवड्याने दिवाणांचा शिपाई बोलावणं घेऊन विसाजीच्या दारात उभा राहिला. बायको म्हणाली, “उलट बोलू नका, माफी मागून मोकळे व्हा.”

भर कचेरीत दिवाण कडाडले, “चाळीस जणांनी आमची पानभर स्तुती केली आणि तू आमच्याच चुका काढतोस? याला अर्ज म्हणतात?”

विसाजी हात जोडून म्हणाला, “सरकार, त्या चाळिसांपैकी किती जणांना आपण बोलावणं धाडलंत?”

दिवाणांनी अर्जांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग मिशीतल्या मिशीत हसत ते कारकुनाला म्हणाले, “पत्रलेखकाच्या जागी याची बैठक मांडा.”