सातवा पिंजरा

“मगे आता तुज्याजवळ उरला काय?” सखाबुवांनी विचारलं.

“काही नाही, बुवा. या खाडीच्या दोन्ही काठांवर माझ्याइतका मोकळा माणूस शोधून सापडायचा नाही. भालचंद्र महादेव तेरसे, बी. ए., निवृत्त मुख्य लिपिक... हा माणूस संपला. नावसुद्धा टाकून आलोय.”

टाकलेलं नाव आपण पदवीसकट परत उचललं, हे तेरसेभाऊंचं त्यांनाच कळलं. त्यांनी जीभ चावली.

“म्हणजे... बी. ए. पण टाकली,” ते म्हणाले.

बुवा मठाच्या ओसरीवर बसून तांदळातले खडे निवडत होते. एक खडा त्यांनी उचलला, बघितला आणि बाजूला ठेवला.

सखाबुवांचं वय ब्याऐंशी. दात दोन आणि शिष्य तीन, त्यात शिष्यच जास्त चावत. मूळचे गाबितवाड्यातले, मासेमारांच्या वस्तीतले. मठात येण्याआधी तीस वर्षं समुद्रावर रापणीचं जाळं ओढलेलं, त्यामुळे बोलणं कमी आणि खांदे अजून रुंद. शास्त्र त्यांनी किती वाचलं होतं कोण जाणे, पण खाडी त्यांना तोंडपाठ होती.

तेरसेभाऊंची गोष्ट वेगळी. नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदींच्या खिडकीत त्यांची चौतीस वर्षं गेली. आलेल्यांची आणि गेलेल्यांची नावं एकाच शाईने लिहिली. मग गावी परतले आणि त्यांना दोन छंद लागले. एक कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरण्याचा, दुसरा मोक्षाचा. पहिल्यात निदान कधीतरी हाताला काही लागे.

कुर्ल्यांसाठी त्यांनी जाळीचे सात पिंजरे करून घेतले होते. पिंजऱ्यात माशाची डोकी बांधायची, तो खाडीच्या तळाशी सोडायचा, आणि त्याची दोरी वर एका बोयाला बांधायची. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. दुसरे लोक त्यासाठी थर्माकोलचा तुकडा नाहीतर जुनी चप्पल बांधत. भाऊंनी पाच लिटरचे तेलाचे कॅन आणले, लाल रंगवले आणि प्रत्येकावर काळ्या अक्षरांत पूर्ण नाव घातलं. पदवीसह. कुर्ल्यांना वाचता येत नसल्याने त्या येत राहिल्या. भाऊ त्या शेजाऱ्यांना वाटून टाकत आणि कुणी नाव काढलं की खूश होत.

आज तेच सात कॅन त्यांनी बुवांच्या पायाशी ओळीने मांडले होते. सातही कॅनांवरची नावं पॉलिशपेपरने घासून काढलेली.

“रविवारी होडी घेऊन गेलो आणि दोऱ्या कापल्या,” भाऊ म्हणाले. “एकेक कापत गेलो तसं हलकं वाटत गेलं, बुवा. परत येताना तर आपण होडीत नाही, हवेत आहोत असं वाटत होतं.”

त्या दिवशी त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हेही एक कारण असेल.

“आता तुम्ही नवं नाव द्या,” ते हात जोडून म्हणाले. “तुम्ही द्याल ते. मी मठातच राहीन.”

बुवांनी एक कॅन उचलला. खालच्या कडीला दोरीचा वीतभर तुकडा लोंबत होता. बुवांनी तो बोटांत धरला आणि त्याच्या कापलेल्या टोकाकडे बघत राहिले.

“ह्येच्या खाली काय होता?”

“पिंजरा.”

“खंय गेलो?”

“गेला नाही, तिथेच आहे. खाली. सगळंच सोडायचं म्हटल्यावर...”

बुवांनी ते टोक सोडलं नाही.

“सोडलं म्हणजे सोडलं, बुवा. मागे वळून बघायचं नाही, असं तुम्हीच एकदा...”

तेवढ्यात मठाच्या पायऱ्यांवर कुणीतरी थांबत थांबत चढत असल्याचा आवाज आला. एक पाय टेकायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

गाबितवाड्यातली शेवंता मयेकर होती ती. पन्नाशीची बाई. सुकतीला, म्हणजे पाणी ओसरलं की, खाडीत उतरून चिखलातून मुळे नावाचे शिंपले वेचायची आणि बाजारात विकायची. लुगडं छातीपर्यंत भिजलेलं. डाव्या पायाला पदराची चिंधी गुंडाळलेली, आणि ती लाल झालेली. हातात जाळीचा एक पिंजरा, एका बाजूने फाडलेला.

तिने तो ओसरीवर आपटला.

“बुवानू, हो कोणाचो?”

तेरसेभाऊंनी पिंजरा ओळखला. कडेची हिरवी तार त्यांनी स्वतः वळली होती.

शेवंता अजून कॅनांकडे वळली नव्हती. भाऊंनी खांद्यावरचा पंचा काढला आणि अगदी सहज, उकडतंय म्हणून काढावा तसा, सातही कॅनांवर टाकला.

बुवांनी ते बघितलं.

“ह्येच्यार नाव नाय, वर बोयो नाय!” शेवंता बोलत होती. तिचा श्वास पुरत नव्हता. “कांदळाच्या झाडांच्या कडेक मुळे काडी होतंय. पाय आत गेलो नि अडाकलो. ओढलो तर तार तळव्यात घुसली. भरती फिरली, बुवानू. पाणी कमरेक... मगे छातीक. आराडलंय तर आयकूक कोण नाय. शेवटी कोयतीन जाळी फाडलंय म्हणान हय उभी आसंय.”

पिंजऱ्यात तीन कुर्ल्या होत्या. दोघींची नुसती कवचं उरली होती. तिसरीला एकच नांगी होती आणि ती हळूहळू हलत होती.

“बघा,” शेवंता म्हणाली. “आमिष कधीच संपला. आता एक मेली की ती दुसरेचा आमिष. माणूस उपास धरीत, पिंजरो धरणा नाय.”

तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

“कोणाचो म्हणान इचारतंय.”

भाऊंना वाटलं, ‘माझा’ म्हणावं, तर आत्ताच टाकलेलं सगळं परत गळ्यात. गप्प बसावं तर... त्यांना आठवलं, खिडकीत एखादा माणूस बेवारस प्रेताची नोंद करायला आला की ते नावाच्या रकान्यात आडवी रेघ मारत. रेघ मारायला फार वेळ लागत नसे.

ते गप्प बसले.



“माजो,” सखाबुवा म्हणाले.

शेवंताने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही मठाचा खांबच बोलला.

“तुमचो?”

“होय.”

“तुमी कुर्ल्यो धरतास?”

“पिंजरो माजो म्हटलंय मा.”

मग शेवंता जी सुटली, ते विचारू नका. मठात आजवर सखाबुवांपुढे कुणी मान वर केली नव्हती. तिने त्यांच्या भगव्या कफनीपासून दोन दातांपर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही. तीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाला बोयो लावूची अक्कल नाय? देवाच्या नावान बसतास नि माणसांक बुडवतास? तुमच्या पायाचा पाणी आमी तीर्थ म्हणान घेतला... बोलता बोलता तिला रडू आलं, आणि त्याचाही राग येऊन ती आणखी बोलली.

बुवा मान खाली घालून सगळं ऐकत होते. मध्ये एकदाही “पण” म्हणाले नाहीत.

ती थांबल्यावर ते उठले. तांब्याभर पाणी आणि हळद आणली. तिला पायरीवर बसवलं आणि तिचा पाय आपल्या मांडीवर घेऊन धुतला.

“असे आनी किती हत खाडीत?” तिने विचारलं.

बुवांनी पंच्याखालच्या उंचवट्यांकडे एकदा बघितलं.

“आनी सा.”

“उद्याच्या सुकतीक पंधरा बायका उतरतल्यो, बुवानू. त्येंका काय सांगू?”

“काडतंय मी.”

शेवंता उठली. नेहमीसारखा नमस्कार तिने केला नाही. लंगडत पायऱ्या उतरून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर भाऊंनी पंचा उचलला.

“बुवा... तुम्ही खोटं का बोललात?”

“खोटा?” बुवा तांब्या विसळत म्हणाले. “तुजा तर काय नाय म्हणतंस. शेवंता म्हणता, तिचो नाय. मगे येवढो मोटो पिंजरो वाऱ्यार सोडूचो?”

त्यांनी कफनी काढून खुंटीला लावली, लंगोटीवर आपला पंचा घट्ट आवळला, कोपऱ्यातला बांबू घेतला आणि खाडीकडे चालू लागले.

भाऊंना आधी वाटलं, ही गुरूंची काहीतरी खूण आहे. गुरू असं काही करू लागले की शिष्याने दुरून बघून अर्थ लावायचा असतो. म्हणून ते काठावर उभे राहून अर्थ लावू लागले.

बुवा चिखलात गुडघाभर गेले. मग मांडीभर. बांबू टोचायचा, काढायचा, पाऊल पुढे. भरती चढत होती. पाणी कमरेला लागलं तेव्हा म्हाताऱ्याचा तोल गेला, आणि डोकं क्षणभर दिसेनासं झालं.

अर्थ तिथेच राहिला. भाऊ चपलांसकट पाण्यात धावले आणि त्यांनी बुवांना दंडाला धरून उभं केलं.

“बाहेर या! तुम्हाला माहीत तरी आहे का ते कुठे टाकलेत? ते माझे आहेत!”

बुवांनी तोंडातलं खारं पाणी थुंकलं.

“कोणाचे?”

“माझे!”

“माज्या कानात कित्याक सांगतंस?” बुवा म्हणाले. “माका म्हायती आसा.”

आणि त्यांनी बांबूने पलीकडच्या काठाकडे, गाबितवाड्याकडे, बोट दाखवावं तसं दाखवलं.

भाऊ त्या दुपारी गाबितवाड्यात गेले. तेवीस दारं होती. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी तेच सांगितलं: खाडीत माझे सहा पिंजरे आहेत, खूण मी कापली, मी भालचंद्र तेरसे. पहिल्या दारात आवाज फुटेना. दहाव्या दारापर्यंत पोरं मागून त्यांच्याबरोबरच म्हणू लागली होती. शेवंताचं दार शेवटचं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. पायाची पट्टी सोडून जखम त्यांना दाखवली. मग पट्टी परत बांधली.

“माज्यापुढे काय रडतास,” ती म्हणाली. “सकाळी बांबू घेवन येवा. आनी बुवांका सांगा... नको, मीच सांगतंय त्येंका. माजी जीभ जळांदे.”

दुसऱ्या दिवशीच्या सुकतीला पंधरा बायका एका ओळीत उभ्या राहिल्या, मध्ये तेरसेभाऊ. मुळे वेचायचे सोडून सगळ्या पावलापावलाने चिखल टोचत निघाल्या.

“ओ बी. ए., हय बघा, काय तरी लागला!”

“अवो बी. ए., दगड तो! बी. ए. क दगड वळाखना नाय.”

भाऊ हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. ज्या हाकेला ओ द्यायची, तिला देत गेले.

पहिल्या दिवशी तीन मिळाले, दुसऱ्या दिवशी एक, चौथ्या दिवशी आणखी एक. प्रत्येकात कवचं होती. प्रत्येकात एखादी तरी जिवंत होती. भाऊ तिला सोडत आणि पिंजरा काठावर आणून ठेवत.

शेवंताने आणलेला धरून सहा झाले. सातवा काही लागेना.

मग ज्या जागेत तो असेल अशी शंका होती, तिच्या चारी बाजूंना भाऊंनी बांबू रोवले आणि प्रत्येक बांबूला एकेक लाल कॅन बांधला. बायकांनी इथे उतरू नये म्हणून. नाव पुन्हा घातलं, या वेळी नुसतं ‘तेरसे’. बायका वळसा घालून जाऊ लागल्या. भाऊ मात्र रोज सुकतीला, उन्हात, त्या चार बांबूंच्या मध्ये उतरत. दोन-दोन तास.

आठ दिवस झाले. दहा झाले.

अकराव्या दिवशी ते मठाच्या पायऱ्या चढून आले तेव्हा कमरेपर्यंत चिखल वाळलेला होता. हाताची नखं तुटली होती. बुवा ओसरीवर बसले होते. भाऊ खालच्याच पायरीवर टेकले.

नाव मागायला ते आले नव्हते. ते विसरूनच गेले होते.

“सापडत नाही, बुवा,” ते म्हणाले. “प्रवाहाने ओढून नेला असेल. चिखलात पार गाडला गेला असेल. बायका आता तिकडे जात नाहीत, कुणाला धोका नाही. शेवंताबाय पण म्हणाली, भाऊनू, आता पुरे...”

बुवा ऐकत होते.

“माझं वय एकसष्ट. पाणी गार असतं. रोज उतरतो... खरंच रोज उतरतो.”

खाली खाडीत पाणी ओसरायला लागलं होतं. बांबू उघडे पडत होते.

भाऊंनी बांबूंकडे बघितलं, मग बुवांकडे.

“तुम्हीच सांगा, बुवा. अजून किती दिवस शोधू?”

“माका काय इचारतंस?” सखाबुवा म्हणाले. “पिंजऱ्याच्या भितर आसा तिका इचार.”