अकरा गुण

“म्हणजे माणसांवाचून तुमचं काहीच अडत नाही?” अच्युतबुवांनी विचारलं.

“नाही. पन्नासपैकी अकरा गुण आलेत मला,” डॉ. वर्तक म्हणाले. आकडा सांगताना त्यांची मान जरा ताठच झाली.

चार माणसांनी आपल्याला आपलं म्हणावं, याची माणसाला किती गरज असते? ते मोजणारी प्रश्नावली डॉक्टरांनी स्वतः तयार केली होती. आठवडाभर ते नदीकाठच्या या मठात आल्यागेल्याकडून ती भरून घेत होते. जेवणाच्या वेळी मात्र गावातल्या लॉजवर निघून जायचे. तिथे कोणी बोलत नसे आणि त्यांना तेच सोयीचं वाटे.

आता एकच कागद उरला होता, बुवांचा.

“भरता ना, बुवा?”

“भरू की. आधी पंगत होऊ द्या. चला.”

“तुम्ही बसा. मी इथे उभा राहतो.”

बुवांनी आग्रह केला नाही. ते पंगतीत जाऊन बसले.

भात वाढून झाला, आमटी झाली. कोणी घास उचलेना.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं… चाळीस माणसं, सगळ्यांचे हात मांडीवर. भाताची वाफ विरत चालली होती. बुवा आपल्या पानाकडे बघत शांत बसले होते.

“कोणाची वाट बघताय?” डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

“तुमचीच की!” भाजी विकणाऱ्या सोनाबाई म्हणाल्या. “कुणी उभं असलं की हितं कुणी घास घेत न्हाई. या हिकडं भाऊ, आमटी निवाय लागली.”

त्या सरकल्या. त्या सरकल्या म्हणून पलीकडचे सरकले, आणि बघता बघता एका माणसापुरती जागा झाली.

डॉक्टर बसले. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं. माणसांवाचून न अडणाऱ्या या गृहस्थांनी भात तीनदा मागून घेतला.

हात धुऊन ते बुवांजवळ आले. बुवांचा कागद ते विसरलेच होते. हातात स्वतःचा कागद होता आणि खोडरबर.

“बुवा, हे अकरा चुकलेत.”

“हं…”

“मग किती लिहू?”

बुवांनी पंच्याला हात पुसले.

“आकडा असू द्या. उद्याची पंगत साडेबाराला आहे, तेवढं लिहून घ्या.”