निम्म्या सरपणाचा न्याय

कनकगडाभोवतालचं रान विरळ होत चाललं, तेव्हा राजा मानाजीरावांनी दवंडी पिटवली, "उद्यापासून प्रत्येकाने निम्मंच सरपण जाळायचं. राजवाड्यानेसुद्धा!"

राजा आपणहून निम्मं सोडतोय म्हटल्यावर कुठेतरी पाणी मुरतंय, असं ज्याला त्याला वाटलं.

भरदरबारात राजा म्हणाला, "यात अन्याय दिसत असेल तर दाखवून द्या. नाही दाखवता आला, तर गाव सोडा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकटी भिवरा परटीण काखेत लाकडं घेऊन पुढे आली. तिची लेक कालच बाळंत झाली होती.

"महाराज, वाड्याला रोज किती लाकूड लागतं?"

"वीस गाड्या लागायच्या, आता दहा."

"आमची एक मोळी होती, आता अर्धी. त्यात एक तर भाकरी होईल, नाहीतर बाळंतिणीची शेगडी पेटेल."

"तूही निम्मं सोडलंस, मीही सोडलं. झळ दोघांना सारखीच!"

"अगदी खरं," भिवरा लगेच म्हणाली.

बाई एवढ्या चटकन कबूल झाली, तसा राजाला संशय आला.

तिने काखेतली अर्धी मोळी सिंहासनासमोर ठेवली. "मग महिनाभर अदलाबदल करू. हे आमचं निम्मं तुम्ही ठेवा, तुमचं निम्मं माझ्या दारात पाठवा. झळ सारखीच, तर तुमचं काय बिघडणार?"

राजाने त्या चार लाकडांकडे पाहिलं. त्याच्या अंघोळीचं पाणी कोमटसुद्धा झालं नसतं.

संध्याकाळी नवी दवंडी आली, "घरटी एक मोळी पूर्ववत. वाड्याला फक्त एक गाडी."

लोक खूश झाले. भिवरा मात्र रोज कपडे वाळत घालताना वाड्याच्या धुराड्याकडे बघायला विसरत नसे.