मोहखळची हाक

बांधातला हा माणसाच्या उंचीचा कोनाडा बघून पाहुणे हळहळतात. मूर्ती चोरीला गेली असेल, म्हणतात. मूर्ती इथे कधीच नव्हती. हा कोनाडा एका जित्याजागत्या बाईसाठी केला होता, असं आमच्याकडे सांगतात. बसा पायरीवर, सांगतो.

फार पूर्वी या मुलखावर धारराव नावाच्या सरदाराची सत्ता होती. लागोपाठ दुष्काळ पडले, तेव्हा ओढा अडवून तळं बांधायचं त्याने मनावर घेतलं. जागा नामी होती, पण तिथे मोहखळ नावाचं गाव नांदत होतं. गावकरी उठेनात. धाररावाने घोडेस्वार घातले, माणसं चहूकडे पांगवली आणि बांध घातला. तळ्याला स्वतःचंच नाव दिलं, धारसागर. वर दवंडी पिटवली, की यापुढे मोहखळचं नाव घेईल त्याची जीभ छाटली जाईल. नुसतं गाव बुडवून त्याचं समाधान झालं नव्हतं. असं गाव कधी होतं, हेच लोकांनी विसरावं, अशी त्याची इच्छा होती. आणि लोक भ्यालेही. आया लेकरांना ते नाव सांगेनाशा झाल्या.

पण तळ्यात पाणी ठरेना. दर पावसाळ्यात बांध याच जागी फुटायचा. चुना बदलला, चिऱ्यांत शिसं ओतलं, कशाचा उपयोग नाही. अखेर जोशीबुवा म्हणाले, माणसाचा बळी हवा. शिपायांनी राही कुंभारणीला धरून आणलं. म्हातारी एकटीच होती, रोज बांधावर येऊन पाण्याकडे बघत बसायची. तिच्यासाठी भांडायला कोणी येणार नव्हतं.

तिला या कोनाड्यात उभं केलं. आभाळ फाटल्यासारखा पाऊस चालला होता, पाणी चढत होतं, तिला आत चिणायला गवंडी चिरे घेऊन उभे होते. बळीचं नाव आणि गाव उच्चारल्याशिवाय संकल्प पुरा होत नाही म्हणे. जोशीबुवांनी विचारलं, "नाव?"

"राही."

"गाव?"

म्हातारी म्हणाली, "ते सांगायला बंदी आहे. सरकारांनाच विचारा."

सगळ्यांच्या नजरा धाररावाकडे वळल्या. तो ताठ उभा राहून म्हणाला, "म्हणा धारसागर. सांगा तसं देवाला!"

जोशीबुवांनी तसं म्हणताच बांध पायाखाली थरथरला आणि वरचा एक चिरा निखळून पाण्यात गेला. गवंडी पळाले. राही मात्र जागची हलली नाही. ती शांतपणे म्हणाली, "आम्ही कुठले, एवढंच त्या पाण्याला ऐकायचंय, सरकार."

ज्या शब्दासाठी धाररावाने लोकांच्या जिभा छाटायला काढल्या होत्या, तो आता त्याच्याच जिभेवर यायचा होता. शेवटी त्याने पागोटं उतरवलं आणि म्हणाला, "मोहखळ."

"माणसं?"

"मला ठाऊक नाहीत, आई."

मग राही एकेक नाव सांगत गेली आणि तो तिच्यामागून मोठ्याने म्हणत गेला. सटवा कुंभार. बहिरा गुरव. लखमा धनगर. येसाई परटीण. पाऊस तसाच कोसळत होता, पण पाण्याची गर्जना उतरत गेली. शेवटचं नाव झालं तेव्हा तळं बांधाच्या काठोकाठ भरलं होतं आणि एक थेंबही बाहेर सांडत नव्हता. ते बघून शिपायांच्या हातून भाले गळाले म्हणतात. धाररावाने स्वतः हात देऊन म्हातारीला बाहेर काढलं. धारसागर हे नाव त्या दिवसापासून कोणी घेतलं नाही, त्यानेही नाही. बांध पुन्हा फुटला नाही.

आजही तळं भरलं की इथे माणसं जमतात. सरपंच असो, आमदार असो, ज्याच्या हाती सत्ता असेल त्याने अनवाणी बांधावर यायचं. गुरव राहीने सांगितलेलं एकेक नाव हळूच सांगतो, त्याने ते पाण्याकडे तोंड करून हाक मारल्यासारखं घ्यायचं. त्या त्या घराचे वंशज कुठून कुठून आलेले असतात. आपलं नाव आलं की ते काठावरून ओरडतात, "आहे!"

काही घरांचं आता कोणीच उरलेलं नाही. त्यांचं नाव आलं की क्षणभर सगळं शांत होतं. मग काठावरची सगळी माणसं, लहानथोर, एका आवाजात म्हणतात, "आहे!"