आधी बाळंतिणीची खोली

एका वृद्ध वैद्यांची गावाबाहेर रुग्णशाळा होती. आठ वर्षे विद्या घेतलेला त्यांचा एक शिष्य आता आपल्या गावी जाऊन वैद्यकी करण्यास अधीर झाला होता. त्याच्या गावात वैद्य नव्हता आणि घरी आई वाट पाहत होती.

निरोप देण्यापूर्वी वैद्य प्रत्येक शिष्याला एक दिवस झाडलोटीला लावत. रुग्णशाळा झाडणाऱ्या धुरपदाबाईच्या हाताखाली त्याने काम करायचे, एवढीच आज्ञा. शिष्य मनात हसला. गुरुजी आपला अहंकार तपासणार, हे त्याने केव्हाच ताडले होते. हुशार माणसाला परीक्षेआधीच उत्तर ठाऊक असते, तीच त्याची पंचाईत.

सकाळी तो बादली घेऊन थेट शेवटच्या कोपऱ्यात गेला. तिथे हगवणीचा रोगी होता. शिष्याने त्याच्याखालची घाण स्वतःच्या हातांनी काढली, जमीन पुसली.

धुरपदाबाई लांबूनच ओरडली, "अवो दादा, तिथनं नगा सुरू करू! आदी बाळंतिणीची खोली!"

"बाई, मला कसल्याच कामाची लाज नाही," शिष्य प्रसन्नपणे म्हणाला आणि तेच फडके पिळून बाळंतिणीच्या खोलीकडे निघाला. आत चार दिवसांचे बाळ झोपले होते.

उंबऱ्यावर वैद्य वाट अडवून उभे होते. त्यांनी त्याच्या हातातली बादली घेतली आणि दूर आवाराबाहेरच्या खड्ड्यात ओतली. परत येऊन म्हणाले, "तू आणखी एक वर्ष इथेच राहायचंस."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. "माझं काय चुकलं, गुरुजी? मला जराही किळस आली नाही."

"ते कुणी विचारलं होतं?" वैद्य म्हणाले. "हगवणीचं पाणी घेऊन तू तान्ह्या बाळाच्या दारात आला होतास. ही बाई रोज बाळंतिणीपासून सुरुवात करते आणि त्या कोपऱ्यात संपवते. प्रत्येक खोलीचं फडकं वेगळं ठेवते. हे मी तिला शिकवलेलं नाही. ती येण्याआधी माझ्या औषधाने ताप उतरलेली माणसं इथेच हगवण लागून दगावत होती आणि मी ग्रंथ चाळत बसलो होतो. हे तिने मला शिकवलं."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "काम हलकं आहे असं तुझ्या मनात होतं, म्हणून तर ते केल्याचा तुला अभिमान वाटला. तू तिच्यापुढे वाकलास खरा, पण तिचं ऐकलं नाहीस."

शिष्याने त्या खोलीच्या दाराकडे पाहिले. आत बाळ कुरकुरले तसा त्याच्या अंगावर काटा आला. आईला भेटायला आणखी एक वर्ष लागणार, याचे दुःख त्या क्षणी त्याला फार लहान वाटले.

तो धुरपदाबाईकडे गेला. "बाई, मला शिकवाल? सुरुवात कुठून करू?"

तिने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि शिकेकाईची वाटी पुढे सरकवली. "आदी हात धुवा."

त्याने धुतले. बाईने त्याची बोटे उलटसुलट करून पाहिली.

"नखं ऱ्हायली," ती म्हणाली. "परत."

आठ वर्षांत प्रथमच त्याने स्वतःचे काही न सांगता नुसते ऐकले, आणि पुन्हा नखे घासू लागला.