वाळूतला मुक्काम

जनावरंही हौसेनं सहलीला जात, तेव्हाची गोष्ट. सायाळबाबांनी बेत आखला आणि बायकोपोरांसह नदीपात्रातल्या मऊ वाळूत तंबू ठोकला. कंद भाजून झाले, तोच टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, "उठा! वरून लोंढा येतोय!"

"ही रोजच कोकलते," बाबा म्हणाले. "खा रे पोरांनो निवांत."

आईनं हातातला कंद खाली ठेवला. "अहो, रोज ती अंड्यांवर बसून ओरडते. आज अंडी सोडून आलीय."

पोरांना ओढत ती दरडीवर धावली. बाबाही कुरकुरत मागे आले. वळून पाहतात तर तंबू वाहून चालला होता.

"अगं, मग नीट सांगायचंस ना!" बाबा टिटवीवरच खेकसले.

टिटवीची अंडी त्याच वाळूत होती.

"नीट म्हणजे कसं?" तिनं विचारलं. "हळू?"