टाकलेलं दान आणि पडलेलं दान

धामणवाडीचे जहागीरदार मानसिंगराव रोज सकाळी दोन तास फाशांचा सराव करत. दोन्ही फासे चिमटीत एकाच तऱ्हेने धरायचे आणि वीतभर उंचीवरून जाड घोंगडीवर सोडायचे. बारा वर्षांत हात असा बसला की म्हणतील ते दान पडे.

एकदा त्यांनी गावाचं कुरण शिकारीसाठी घ्यायचं ठरवलं. गुरं चारायची कुठे, म्हणून गावकरी सदरेवर आले. मानसिंगराव हसले. "कोणतंही दान मागा. मला टाकता आलं नाही, तर कुरण तुमचं."

पाटलांनी बारा मागितले, बारा पडले. सगळ्यांचे चेहरे उतरले.

गावकऱ्यांतली भिवराबाई मात्र मानसिंगरावांच्या बोटांकडे टक लावून होती. ते फासे तिनेच हाडातून कोरले होते. ते इतके आज्ञेत कसे वागतात, याचं तिला भारी नवल वाटत होतं.

"सरकार, मी मागू?"

"माग की."

"तुम्हाला आधी ठाऊक नसेल, असं दान टाका."

मानसिंगरावांचा उचललेला हात तसाच राहिला.

"ठरवून टाकलंत तर ते तुम्हाला ठाऊकच असणार," भिवराबाई म्हणाली. "आणि न ठरवता सोडलंत, तर ते तुम्ही टाकलं कसं म्हणायचं? ते तर नुसतं पडलं."

मानसिंगरावांनी हात खाली घेतला. ते म्हणाले, "कुरण तुमचं."

जाता जाता भिवराबाईने वळून पाहिलं. जहागीरदारांनी घोंगडी बाजूला सारली, फासे ओंजळीत खुळखुळवले, डोळे मिटून फरशीवर भिरकावले आणि काय पडलं ते बघायला घाईघाईने खाली वाकले.